चपलेचा वास

माझ्या लेकीच्या नाकाला अर्ध्या गावाच्या चपला लागून झाल्या आहेत. हे लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते. पण ही गोष्ट सांगायची तर चपलेपासूनच सांगावी लागेल, कारण आमच्याकडे कुणाला फिट आली की लोक आधी चप्पल शोधतात आणि मग माणसाकडे बघतात.

पोरीला फिट येतात. पुस्तकात त्याला अपस्मार म्हणतात, आमच्या भागात मिरगी म्हणतात, आणि माझ्या मोठ्या जाऊबाई त्याला जे म्हणतात ते मी इथे लिहिणार नाही. मी नांदेडकडच्या गोरेगावला हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. घर तिथून जवळच, पुसेगावच्या बाजूच्या एका खेड्यात. पोरीचे वडील शेती करतात आणि आमच्या शेतात हळद असते. पोरगी गावातल्याच शाळेत पाचवीत होती, तेव्हा ती पहिल्यांदा शाळेत पडली. सकाळचा परिपाठ चालू होता. मला फोन आला आणि मी चालू तास सोडून मिळेल त्या जीपने निघाले.

पोहोचले तेव्हा फिट केव्हाच थांबलेली होती. पोरगी वऱ्हांड्यात पाय सोडून पडली होती, फ्रॉक ओला, डोळे अर्धे उघडे. तिच्या उशाशी मुख्याध्यापक उकिडवे बसले होते आणि त्यांनी स्वतःच्या पायातली चप्पल तिच्या नाकावर दाबून धरली होती. गावच्या शाळेत मुलं वर्गाबाहेर चपला काढतात, त्यामुळे औषधाला तिथे तोटा नसतो. पण सरांनी खास स्वतःची दिली होती. ती घालून ते सकाळपासून मैदानात आणि मैदानामागच्या मुतारीत हिंडलेले होते.

"चपलेनंच शुद्धीवर आली बघा, मॅडम," ते अभिमानाने म्हणाले. "पुन्हा येऊ नये म्हणून धरून ठेवलीय."

मी ती चप्पल त्यांच्या हातातून ओढली. काय बोलले ते आठवत नाही. चांगलं बोलले नसणार.

दोन दिवसांनी मी पोरीला सोडायला गेले तर सर दारातच उभे. "तुम्ही स्वतः शिक्षिका. तुम्हाला मी काय सांगावं! बाकीची लेकरं घाबरून राहिली ना. तिला घरीच राहू द्या. बरी झाली की पाठवा, कोण नाही म्हणतं?" आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस उपकारच करतोय. पोरगी माझ्या शेजारी दप्तर पाठीला लावून उभी होती. तिच्याकडे ते बघतही नव्हते.

तिला शाळेत जायचं होतं, एवढंच. मैत्रिणींमध्ये बसायचं होतं, डबा खायचा होता, पाढे म्हणायचे होते. त्यासाठी 'बरी' व्हायचं होतं, आणि हा आजार पडशासारखा आठवड्यात बरा होत नाही हे मला कळत होतं. ती मात्र रोज सकाळी वेणी घालून तयार व्हायची आणि विचारायची, "आई, आज मी बरी हाये का?"

आता वासाचं सांगते. शाळेत पडण्याच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "आई, हळद करपून राहिली." फाल्गुन होता. आमच्याकडे फाल्गुनात गावच्या गाव हळद शिजवतं. कुठे कढया लागलेल्या, कुठे वाफेचे कुकर आलेले, खाली तुराट्या-पऱ्हाट्या जळतायत, अंगणाअंगणात वाफाळलेल्या हळदीचे ढीग. केसांना, कपड्यांना, भाकरीलासुद्धा तोच वास. अशा दिवसांत कुणी हळदीचा वास येतो म्हटलं तर पावसाळ्यात चिखल दिसतो म्हटल्यासारखंच ते. तिचे वडील म्हणाले, "व्हय माय, शेजारच्याची कढई लागली असंल." आणि आम्ही जेवायला बसलो. हळद न पिकवणाऱ्या गावात ही चूक झाली नसती. तिथे कुणीतरी विचारलं असतं की बाई, हळद कुठे आहे?

तो प्रश्न आम्हाला भादव्यात पडला. हळद अजून शेतात हिरवीगार, कंबरेएवढी. कढया गोठ्यात पालथ्या. आणि जेवता जेवता पोरगी घास हातात धरून म्हणाली, "हळद करपून राहिली." मग तिची नजर एका जागी थिजली, ओठ नुसतेच चाखल्यासारखे हलायला लागले आणि ती ताटावर कोसळली. त्या दिवशी जाऊबाई घरात होत्या. त्यांनी कांदा फोडून आणला, मग कांद्याने काम होईना म्हणून दारातली चप्पल आणली. मी पोरीला कुशीवर वळवत होते आणि त्या माझ्या हाताखालून चप्पल सारत होत्या. फिट सरल्यावर म्हणाल्या, "नसलेला वास येतो म्हंजी बाहेरचं हाय. तुमी शिकल्याल्या, तुमाला कोण सांगावं?"

शिकलेली असण्याचा टोमणा आणि चपलेचा उपचार, दोन्ही एकाच दमात. आमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, अंगारे-धुपारे आम्ही दोन पिढ्यांपूर्वी सोडले. पण चप्पल कुणी सोडली नाही. चप्पल धर्मात बसत नाही ना, त्यामुळे ती सगळ्यांना चालते.

नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं, "पडण्याआधी काही जाणवतं का?" विचारलं मला. मी तोंड उघडणार तोच पोरगी म्हणाली, "हळद करपल्याचा वास येतो." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मग ते तिच्याशीच बोलले. वास कसा असतो, किती वेळ राहतो, घाण असतो का. म्हणाले, काही मुलांची फिट अशी वासापासून सुरू होते. मेंदूत वास ओळखणारी जागा असते, तिच्या आसपास काही दुखावलेलं असलं की ती जागा स्वतःच वास तयार करते. म्हणजे वास येत होता. पोरगी खोटं बोलत नव्हती आणि तिच्या अंगात कुणी आलेलं नव्हतं. मला त्या खुर्चीत बसून रडू आलं, ते सुटकेचं कमी आणि संतापाचं जास्त होतं.

गोळ्या सुरू झाल्या. फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मग त्याच डॉक्टरांनी मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयाचं नाव सांगितलं. फिट येणाऱ्या मुलांना वास कसे कळतात आणि त्या वेळी मेंदूत काय होतं, याचे फोटो तिथे मशीनमध्ये काढतात. अभ्यास त्यांचा, पण पोरीच्या मेंदूचा नीट तपासही होईल, असं ते म्हणाले. आम्ही गेलो.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, हसरी. आधी नुसती वासाची परीक्षा. मशीन नंतर. टेबलावर जाड पेनांसारख्या नळ्यांची पेटी, प्रत्येकीत एक वास. टोपण काढायचं, नाकाखाली धरायचं आणि समोरच्या चार चित्रांपैकी एकावर बोट ठेवायचं. पोरीला परीक्षा आवडते. शाळेतून काढल्यापासून तिची कुणी परीक्षाच घेतली नव्हती. केळं तिने लगेच ओळखलं. लवंग ओळखली. संत्र्याला लिंबू म्हणाली. एका वासाला "बसस्टँडवरच्या बाईची पावडर" म्हणाली, तेव्हा डॉक्टर खळखळून हसली. मीसुद्धा हसले.

मग डॉक्टरने पुढची नळी उघडली.

पोरगी खुर्चीसकट मागे सरली. दोन्ही हातांनी नाक खसाखसा पुसलं. खाली फरशीकडे पाहिलं, मग हळूच फ्रॉक चाचपून पाहिला, ओला आहे का म्हणून. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, मी पडले व्हते का?"

मला काही समजेना. डॉक्टरलाही समजेना. "नाही गं, कुठे पडलीस? बसलीयेस की," मी म्हणाले.

"मग चप्पल कोणी लावली?"

डॉक्टरने नळी उलटी करून वरचा आकडा वाचला आणि पेटीतल्या कागदाशी ताडून पाहिला. "चामडं आहे हे," ती म्हणाली. "बूट, पट्टा, बॅग... मुलांना ओळखीचा असतो म्हणून ठेवलाय."

ओळखीचा! मग मी सुरू झाले. आमच्याकडे फिट आली की काय करतात ते मी तिला सगळं सांगितलं. मुख्याध्यापकांची चप्पल, जाऊबाईंची चप्पल, बाजारात पडली तेव्हा कुण्या भाजीवाल्याने धावत येऊन लावलेली शेणाने भरलेली चप्पल, लग्नात पडली तेव्हा नवरदेवाच्या मामाचा नवाकोरा जोडा. या लेकराने शुद्धीवर येताना दर वेळी पहिला श्वास दुसऱ्याच्या पायताणाचा घेतलाय. तिच्यासाठी फिट म्हणजे झटके नाहीत. झटके तिला आठवतच नाहीत. तिला फक्त आधीची हळद आठवते आणि नंतरची चप्पल.

डॉक्टर हसायची थांबली होती. ती म्हणाली, "फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. नाही थांबली तर तातडीने दवाखाना. पण नाकाला काहीही लावून ती थांबत नाही. थांबायच्या वेळी जे नाकाशी असतं, त्याला श्रेय मिळतं."

"म्हणजे कावळा बसायला अन् फांदी तुटायला," मी म्हणाले.

"तसंच. पण लोकांनी कावळा डोळ्यांनी पाहिलेला असतो ना."

ती बरोबर बोलत होती आणि तिचा राग करण्यासारखं काही नव्हतं. तरी दुपारी मला तिचाही राग आला. ती तिच्या वरिष्ठांना भेटून आली आणि चाचरत म्हणाली, मशीनमध्ये तीन-चार वास नळीने नाकाशी सोडतात, तर सर विचारतायत, चामड्याचा सोडला तर चालेल का? इतकी ठळक ओळख आहे, तर मेंदूत फार स्पष्ट दिसेल.

"माझी पोरगी पट्टा बांधून त्या बोगद्यात पडलेली असेल," मी म्हणाले, "हलायचं नाही असं तुम्ही तिला बजावलेलं असेल, आणि तुम्ही तिच्या नाकाला चप्पल लावणार. मग तुमच्यात अन् आमच्या गावात फरक काय? तुमची नळी स्वच्छ आहे, एवढाच."

तिचा चेहरा पडला. "नाही म्हणजे नाही," ती म्हणाली आणि ती नळी तिने माझ्यासमोर पेटीबाहेर काढून ठेवली. त्या मुलीबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

मशीनमध्ये पोरगी शहाण्यासारखी पडून राहिली. आवाज फार होतो. बाहेर आल्यावर म्हणाली, "हळद पॉलिश करायच्या ढोलात घातल्यावानी वाटलं." डॉक्टरने आम्हाला पडद्यावर फोटो दाखवले. नाकाच्या छपराला टेकून, मेंदूच्या खालच्या अंगाला साळीच्या दाण्यांसारख्या दोन बारीक गाठी असतात. वास पहिल्यांदा तिथे पोचतो. पोरीची डावीकडची गाठ थोडी लहान होती. आणि डाव्या कानाच्या वर, आत खोल, एक फिकट डाग होता. लहानपणीच्या तापातली जुनी जखम असावी, असं ती म्हणाली.

"तुझ्या हळदीचा वास इथून येतो," डॉक्टरने त्या डागावर बोट ठेवून तिला दाखवलं.

पोरगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माझा वास खरा हाये मंग."

"तुला येतो ना? मग खराच."

तो फोटो घेऊन मी गावी आले आणि तडक मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी तो खिडकीशी धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला, उलटा करूनही पाहिला. "दिसत तर काहीच नाही, मॅडम." मला वाटलं, आपणच त्यांना मशीनमध्ये घालून बघावं, आत काही दिसतं का. मी म्हणाले, "फोटो राहू द्या. मुलीला शाळेत घेत नाही, असं मला लिहून द्या." लिहून द्या म्हटल्याबरोबर सर म्हणाले, पाठवा उद्यापासून. दुसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत जाऊ लागली.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर द्या, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, नाकाला काही लावू नका. सर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. आणि सकाळी मी पोरीला वर्गात सोडायला गेले तर बाईंच्या टेबलामागच्या खिळ्याला एक चप्पल टांगलेली. धुतलेली, पुसलेली, एकटीच.

"सोय करून ठेवलीय," सर म्हणाले. "डॉक्टर लोक काय, लांब असतात. तुम्ही रागावता म्हणून साबणानं धुतली."

त्यांना खरंच वाटत होतं की ते काळजी घेतायत. याचाच मला जास्त संताप येतो. दुष्ट माणसाशी भांडता येतं, पण साबणाने चप्पल धुऊन आणणाऱ्या भल्या माणसाशी कसं भांडायचं? मी ती खिळ्यावरून काढली आणि सगळ्या वर्गादेखत कंपाउंडबाहेर भिरकावली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या पायाची चप्पल घेऊन कुणी ती शोधत असेल तर त्याची मी माफी मागते, सरांची मागणार नाही.

मग पुन्हा फाल्गुन आला. शाळेच्या मागेच कुकर लागला होता. दिवसभर वाफ वर्गात येत होती. आता पोरीचा वास कुठला आणि गावाचा कुठला हे कोण ओळखणार? मागच्या साली आपण फसलो, तसंच पुन्हा होणार. ती पुन्हा सांगणार आणि लोक पुन्हा म्हणणार, व्हय माय, येतो की.

एक दिवस तिच्या वर्गाच्या बाई मला रस्त्यात भेटल्या. नव्या, तरुण, स्वभावाने चांगल्या. जरा संकोचून म्हणाल्या, "ताई, एक सांगू का? ती दिवसभर मधूनच नाक दाबून बसते. बाकीच्या पोरी हसतात. म्हणतात, हिला गावाची घाण येते."

मला वाटलं, चपलेची भीती. शाळेत परत पाठवली, पण भीती गेली नाही, लेकरू आधीच नाक झाकून बसतंय. संध्याकाळी भाकरी करता करता मी तिला जवळ घेतलं. "आता चप्पल कुणी लावणार नाही, राणी. नाक काहून दाबतेस?"

ती माझ्याकडे, मला एवढंही कळत नाही का, अशा नजरेने बघायला लागली. "चपलीसाठी न्हाई. पाहून राहिले मी."

"काय?"

"गावातली हळद असली ना, की नाक दाबल्यावर वास जातो. माझी असली की जात न्हाई."

तव्यावरची भाकरी करपली. नांदेडच्या डॉक्टरांनी वास कसा असतो ते विचारलं होतं. शहरात तिच्या डोक्यातल्या दोन दाण्यांचे फोटो काढले होते. मी तर तिची आई, शिवाय मास्तरीण, दिवसभर मुलांना प्रश्न विचारून पोट भरणारी. "हे तुला कुणी शिकवलं गं?"

"कोणीच न्हाई."

"मग सांगितलं काहून नाहीस?"

"कोणी इचारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी ते तिच्या वर्गाच्या बाईंना सांगितलं आणि शहरातल्या डॉक्टरला फोन करूनही सांगितलं. डॉक्टरने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "आता बाकीच्या मुलांनाही विचारते."

त्याच आठवड्यात गणिताच्या तासाला पोरीने नाक दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "बाई, हा माझाच वास हाये." आणि स्वतःहून फरशीवर कुशीवर झोपली. बाईंनी तिच्या डोक्याखाली दप्तर सारलं आणि घड्याळ बघत बसल्या. सर चप्पल घेऊन दारापर्यंत आले होते म्हणे. पहिल्या बाकावरच्या मुली उठून दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरांना आत येऊ दिलं नाही. हे ऐकल्यापासून त्या मुलींवर माझा इतका जीव जडलाय की विचारू नका.

मी पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, दमलेली, पाणी पीत. मागून कुकरची वाफ येत होती. मी विचारलं, "आता बरं वाटतंय का? फिट येऊन गेली ना तुला."

तिने खोल श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला आणि मान हलवली.

"न्हाई आली, आई," ती म्हणाली. "चपलीचा वास कुठं येऊन राहिला?"